प्लेऑफचं गणित

"मास्तर, आकडे काय बोलतायत ता सांगा," भागोजीशेठ म्हणाले. "कोण नसला, की उद्या जगबुडी क्लब हरेल?"

अभयने लॅपटॉपवरची नजर उचलली नाही. बाहेर हर्ण्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावाचा गलका चालला होता. उद्या फुटबॉल लीगचा शेवटचा सामना, शेठचा क्लब विरुद्ध जगबुडी. जिंकेल तो प्लेऑफमध्ये.

शेठच्या क्लबसाठी गेल्या हंगामांचे सगळे आकडे अभयने पालथे घातले होते. किती गोल मारले याला फारशी किंमत नव्हती. ज्या संघाने जास्तीत जास्त सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, तोच प्लेऑफला पोचत होता. म्हणजे जगबुडीची सगळी मदार त्यांच्या गोलकीपरवर. आणि तो गोलकीपर होता सम्यक, खेडला नोकरी करणारा अभयचा मुलगा.

शेठना हे नातं ठाऊक नव्हतं. घरचाच पोरगा समोरच्या गोलात उभा आहे म्हटल्यावर मास्तरांच्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून अभय गप्प राहिला होता.

गेल्या वर्षीही शेठनी असंच विचारलं होतं. त्याने सरळपणे समोरच्या कॅप्टनचं नाव सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी कॅप्टनला टेम्पोने उडवलं. पोरगा अजून कुबड्यांवर आहे. अपघातच, म्हणाले सगळे.

"गोल मारणारा महत्त्वाचा," अभय म्हणाला. "त्यांचा दहा नंबर. संदेश."

"लाल बुलेटवाला?"

"तोच."

शेठनी दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे नुसतं पाहिलं. तो टेम्पोची चावी उचलून बाहेर पडला.

रस्त्यावर आल्यावर अभय घराकडे भरभर चालू लागला. दुसऱ्याच्या पोराला त्याने पुढे केलं होतं. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आपला सम्यक वाचला, हे सुख त्या लाजेला पुरून उरलं. तरी जिवाला घोर होताच. कुणी शेठच्या कानात कीपरचं नाव घातलं तर? त्याने मुलाला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता घरी ये. खेडला थांबू नकोस."

"बाबा, उद्या मॅच आहे."

"आईला बरं नाही," अभयने ठोकून दिलं.

घरी रेणुका पडवीत सुके बोंबील निवडत बसली होती, चांगली ठणठणीत. काय झालंय तुम्हाला, असं तिने दोनदा विचारलं. तो फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आला.

दिवेलागणीला फोन वाजला. सम्यक होता.

"बाबा, घाटात थांबलोय जरा. मागे एक टेम्पो आहे, किती हात केला तरी पुढे जात नाही. पण आईला सांगा, काळजी करू नको, येतोच. एसटी चुकली, पण संदेशने त्याची बुलेट दिली."