शाफ्टला पाणी

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरातले कावळेसुद्धा एकमेकांकडं घोटभर पाणी उसनं मागायचे. तेव्हा मैंदर्गीचा येडू विहिरीवरच्या पंपाचा झिजलेला शाफ्ट खांद्यावर टाकून लेथवाल्या बाळासो मिस्त्रीकडं आला. अख्खं गाव त्या एका पंपावर जगत होतं. पण पोलाद असं हट्टी, की सकाळपासून बाळासोची लेथवर कापायची टुलं लालभडक होऊन मोडत होती. हात गळून गेले बिचाऱ्याचे.

“हे कोरडं कापायचं न्हाय. टुलावर पाण्याची धार पायजे. आण कुटनं तरी.”

“पानी असतं तर ह्यो शाफ्ट घिऊन आलो असतो व्हय, मिस्त्री?”

बाळासोनं उसासा टाकला आणि आपला प्यायचा तांब्या पुढं केला. येडूनं तो हातात घेतला.

“तुमी मशीन बगा. थेंब थेंब वतायचं आमाला नका शिकवू.”

दिवस मावळता शाफ्ट तयार होऊन लेथवरून उतरला, तरी तांब्यात घोटभर शिल्लक! बाळासोच्या घशाचं लाकूड झालं होतं. तरी तो म्हणाला, “पी की बाबा.”

येडूनं तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलं.

“तुमी बी नगं, मी बी नगं. पंप सुरू करायचा तर आदी त्येला पानी पाजावं लागतंय.”