गंधकाची टेस्ट

अनुजाने गंधकाची टेस्ट माउसने उचलली, 'लोकल'च्या गटात टाकली आणि लगेच बाहेर काढली. सकाळपासून तिचा हाच खेळ चालला होता. गूळ कारखान्याचं नवं सॉफ्टवेअर उद्या सुरू होणार होतं. कुठल्या मालाला कुठल्या टेस्ट लावायच्या, त्याचे गट सॉफ्टवेअरमध्ये बांधायचं काम तिच्याकडे होतं. गटातली एक जरी टेस्ट नापास झाली, तरी त्या मालाचा गेटपास निघणार नव्हता.

'एक्स्पोर्ट'ला सगळ्या टेस्ट होत्या. 'लोकल'ला मालकांनी, अण्णासोंनी, दोनच ठेवायला सांगितल्या होत्या, रंग आणि ओलावा. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांना गूळ पिवळाधमक दिसला की झालं. त्यासाठी उसाचा रस उकळायच्या काहिलीत गंधकाची पावडर किती पडते, हे लॅब सांभाळणाऱ्या अनुजाला पक्कं ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या घरी तोच गूळ चहात पडायचा. ती उठली, पाणी प्याली, परत येऊन बसली.

"म्याडम, अजून बसलाय व्हय?" अण्णासो दारातूनच ओरडले. "एका टेस्टपायी एवढा घोळ?"

"लोकललाबी गंधक तपासूया की, अण्णा."

"आणि काळा गूळ घेऊन बाजारात बसू? न्हाय जमायचं." मागे वळता वळता त्यांना आठवलं. "आणि हे बघा, अजून एक गट करा. 'घरचा' म्हणून. आमच्या घरासाठी येगळी काहील लावतोय, तिच्यात पावडर घालत न्हाय. राजवीरला, आमच्या नातवाला, दमा हाय. जरा गंधक पोटात गेलं की छाती भरती पोराची. त्या गुळाला समद्या टेस्ट लावा. एकबी सोडू नका."

म्हणजे यांना सगळं माहीत होतं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सकाळपासून चाललेली हाताची चुळबूळ मात्र थांबली.

तिने 'घरचा' गट केला. एकूण एक टेस्ट त्यात घातली. हा गट कुठकुठल्या मालाला लावायचा, असं सॉफ्टवेअरने विचारलं. नोकरी राहील की जाईल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. मग तिने कारखान्यातल्या सगळ्या मालावर खुणा केल्या आणि बटण दाबलं.

"झालं का?" अण्णासोंनी विचारलं.

"झालं, अण्णा. उद्यापासनं गेटातनं भाईर पडंल त्यो समदा गूळ घरचाच."