निघताना बसायचं असतं

राइसा पावलोव्हनांनी सकाळपासून कुणाला बूड टेकू दिलं नव्हतं. थोरल्या रस्तोव गावातला किल्ला, घंटाघर, मीनाकामाचं संग्रहालय, गोठलेल्या तळ्याचा काठ, सगळं पायाला भिंगरी लावल्यासारखं. संग्रहालयात मुलाला, ग्लेबला, बाक दिसला, तर त्या म्हणाल्या, "बाक बघायला इतक्या लांब आलो का?" दुपारी कोबी भरलेल्या गरम पिरोश्कीसुद्धा टपरीसमोर बर्फात उभ्याउभ्या खाऊन झाल्या.

"आजी, माझे पाय मोडले," सहा वर्षांची आस्या रडकुंडीला आली होती.

"मोडलेल्या पायांची माणसं एवढी बडबड करत नाहीत." आजीने तिची टोपी कानांवर ओढली. "चल, मठ राहिलाय अजून."

सून मागे पडली की त्या वळून हाक मारत. "अगं उल्याना! तुमच्या आस्त्राखानला टरबुजं पिकतात, तुला काय कळणार थंडी? थांबलीस की गोठलीस!" उल्यानाने पाऊल उचललं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, टरबुजं तिच्या अंगवळणी पडली होती. ग्लेब आई आणि बायको यांच्या बरोबर मधून चालत होता, म्हणजे कुणाच्याच बाजूने नाही.

अंधारून आलं तेव्हा चौघं भाड्याच्या खोलीवर परतले. सामान भरलेलं होतंच. कोट, बूट पुन्हा चढवून होतात न होतात तोच राइसा पावलोव्हना दाराची कडी धरून उभ्या.

"चला, चला. टॅक्सी येईल, गाडी चुकेल."

"आई, बसायचं राहिलं," ग्लेब म्हणाला.

"उशीर होतोय रे."

"घरून निघतानाही तू आधीच खाली जाऊन फाटकाशी उभी राहिलीस. बाबांनी कधी न बसता उंबरा ओलांडलाय का? निघताना बसायचं असतं. तूच शिकवलंस ना मला?"

निघण्याआधी घडीभर सगळ्यांनी गप्प बसायचं, मग थोरल्या माणसाने 'चला, देव पाठीशी आहे' म्हणून उठायचं, त्याच्यामागून बाकीच्यांनी. राइसा पावलोव्हनांच्या आजीच्याही आजीपासून हे चालत आलेलं. त्यांनी कडी सोडली आणि दाराजवळच्या स्टुलाच्या अगदी कडेवर बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. ग्लेब आणि आस्या पलंगावर बसले, उल्याना सुटकेसवर.

थोड्या वेळाने आस्या पलंगावरून खाली घसरू लागली. ग्लेबने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "अजून नाही."

आजवर उठायचं काम ग्लेबच्या बाबांचं, अर्कादी इल्यिचचं होतं. दोन्ही मांड्यांवर थाप मारायची, ते शब्द म्हणायचे आणि 'आई गं' करत उठायचं. मार्चमध्ये ते गेले. आता घरातल्या थोरल्या राइसा पावलोव्हनाच, आणि त्या काही उठेनात. ग्लेबला उठता आलं असतं, पण आई समोर बसलेली असताना आपण उठायचं म्हणजे तिलाही मोडीत काढण्यासारखं. तो बुटांच्या टोकांकडे बघत राहिला.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

राइसा पावलोव्हनांचे ओठ हलले. एवढेसे शब्द, पण तोंडाशी येऊन तिथेच अडले. ते अर्कादीचे शब्द होते. आपण म्हटले की अर्कादीची जागा भरून गेली, मग ती रिकामीसुद्धा राहायची नाही. त्यांनी पर्सचा चाप उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

उल्याना उठली.

"अगं!" ग्लेब दबक्या आवाजात ओरडला.

"मध्येच उठलीस?" राइसा पावलोव्हनांना आवाज फुटला तो असा. "थोरलं माणूस बसलंय ते दिसत नाही? वाटेत काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"आपण कुठे वाटेला लागलोय," उल्याना म्हणाली आणि बाहेर गेली.

जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज. मग खाली टॅक्सीवाल्याची कुरकुर, दार आपटल्याचा आवाज, बर्फावरून दूर जाणारी गाडी. ग्लेब खिडकीपाशी जायला निघाला आणि आठवण होऊन परत बसला.

उल्याना वर आली ती गाल लाल करून. तिने टोपी काढली, कोट काढला, नीट खुंटीला लावला.

"टॅक्सी पाठवून दिली. साडेआठला शेवटची आगगाडी आहे. मालकीणबाई म्हणाल्या, खोली रिकामीच आहे, बसा निवांत." ती पुन्हा सुटकेसवर बसली. "तुम्हाला उठावंसं वाटेल तेव्हा उठा, राइसा पावलोव्हना. आम्ही काही घोड्यावर बसून आलेलो नाही."

राइसा पावलोव्हना तिच्याकडे बघत राहिल्या. आता काहीतरी लागट येणार म्हणून ग्लेबने खांदे आकसून घेतले. पण त्यांनी पर्स खाली ठेवली, वाकून बुटाची चेन ओढायला गेल्या, ती अर्ध्यावर अडकली. त्यांचे हात तिथेच थांबले.

"पाय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून फार दुखतायत गं."

उल्याना जमिनीवर बसली आणि तिने सासूचा पाय मांडीवर घेतला. तशा राइसा पावलोव्हना रडू लागल्या, मार्चपासून कुणासमोर रडल्या नव्हत्या इतक्या मोठ्याने. आस्याने एकदा आजीकडे, एकदा बापाकडे पाहिलं आणि मुकाट्याने आपलेही बूट काढायला घेतले.