बोर्ड सापडत नाही

"बोर्ड सापडत नाही," असं कॉम्प्युटरने अकराव्यांदा सांगितलं, तेव्हा शर्वाणीने कपाळावर हात मारला. वायर बदलून झाली, ड्रायव्हर नवा टाकून झाला, रिसेटचं बटण दाबून बोट दुखायला लागलं. बारा वाजता गिऱ्हाईक याच सर्किट बोर्डावर चालणारा पंपाचा टायमर न्यायला येणार होतं.

"स्वस्तातला माल! आज त्या दुकानदाराला सोलूनच काढते," म्हणत तिने फोन उचलला.

सोल्डरिंग करणाऱ्या दामलेकाकांनी बोर्ड भिंगाखाली धरला. "त्याला मागाहून सोल. कॉम्प्युटरची वायर खोवायच्या भोकात कुंकू गच्च बसलंय."

काल दसऱ्याच्या पूजेत काकांनी बोर्डाला कुंकवाचं नुसतं बोट टेकवलं होतं. "पूजा कशी मनापासून करावी, काका!" म्हणत मूठभर कुंकू तिनेच उधळलं होतं.

शर्वाणीने फोन हळूच खाली ठेवला.

काकांनी जुना टूथब्रश पुढे केला. "घे, घास आता. मनापासून."