हिरवी काच

पुण्याच्या विमानतळावर निनादरावांनी तिकीट काढणाऱ्या काचेवर तळहात ठेवला आणि काच लालभडक झाली. शेजारी उभ्या असलेल्या ऋजुताबाईंनी हसू दाबलं. सोसायटीत दर रविवारी पर्यावरणावर तावातावानं बोलणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला काचेनं गुवाहाटीसाठी धूर ओकणारं, झटपट पोचवणारं जेट दिलं होतं.

"यंत्र बिघडलंय तुमचं!"

"काका, तुम्ही काय बोलता ते काच ऐकत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "मनात काय आहे ते मोजते आणि तसंच तिकीट काढते."

मग ऋजुताबाईंनी हात टेकवला. काच हिरवीगार झाली. त्यांना मिळालं उन्हावर चालणारं फुगाविमान. पोचायला दीड दिवस.

"हिला? हिला अजून ओला कचरा, सुका कचरा कळत नाही!" निनादराव म्हणाले. पण जेटची घोषणा झाली, तसे ते लगबगीनं निघाले.

मुलगी काचेकडे बघतच राहिली. "काकू, एवढी कळकळ मी आजवर पाहिली नाही. पृथ्वीची इतकी काळजी वाटते तुम्हाला?"

"छे गं," ऋजुताबाई ओशाळून म्हणाल्या. "दीड दिवस कुणी हाका मारणार नाही, एवढंच मनात आलं."

"असू दे. काच कारण विचारत नाही."

फुगाविमानात त्यांनी चपला काढून पाय वर घेतले. खाली भीमेचं पात्र सावकाश मागे सरकत होतं. तेवढ्यात फोनवर निरोप आला. 'माझा चष्मा कुठंय?'

त्यांनी पर्स उघडून पाहिली आणि उत्तर पाठवलं. 'माझ्यापाशी आहे. परवा देते.'