उलटी फिरणारी कडी

वगदीने शाकिरच्या तिन्ही लेन्स काउंटरवर ओळीने मांडल्या आणि खुशीत हात चोळले.

"मेलो तरी तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही, म्हणायचा तुझा बाप. आता त्याचीच लेक आली कॅमेऱ्याची कंपनी बदलायला!"

"लेक आली, काका. बाबा नाही आले," निहाल म्हणाली.

निहालच्या बापाला, शाकिरला, जाऊन अजून चाळीस दिवसही झाले नव्हते. लग्नाच्या फोटोंचा हंगाम मात्र थांबत नव्हता, आणि जुन्या कंपनीचा कॅमेरा दुरुस्त करणारं अलेक्झांड्रियात आता कुणी उरलं नव्हतं.

"तिन्ही दे. नवी बॉडी, झूम, वाइड, सगळं घेऊन जा. वर एक गिनी देऊ नकोस."

"दोन घ्या. पंच्याऐंशी एमएमची माझ्याकडे राहील."

"वा! खरी काच तीच, बाकीच्यांना कोण विचारतो?"

दोघं दुकानाच्या दारात उभे राहिले आणि समोरच्या मासेवाल्याच्या पाटीचे फोटो काढू लागले. आधी शाकिरच्या लेन्सने, मग वगदीच्या. वाइडमध्ये वगदीची लेन्स कोपऱ्यापर्यंत लखलखीत होती. शाकिरच्या कोपऱ्यात अक्षरं विरघळली. वगदीची झूम निम्म्या वजनाची आणि कितीतरी चपळ. निहालने दोन्ही वेळा मान डोलावली. बापासाठी खोटं बोललेलं बापालाच खपलं नसतं.

"आता पंच्याऐंशी," ती म्हणाली. "तुमची जिंकली तर बाबांची तुमची. हरली तर सौदा दोनवरच, आणि नव्या बॉडीसकट तुमची वाइड, झूम दोन्ही माझ्या."

"अगदी बापावर गेलीस. पण ही माझ्या बॉडीवर अडॅप्टरने बसणार. ऑटोफोकस बंद, आंधळी होईल ती, पोरी. आपणहून काही बघायची नाही."

"बघायला मी आहे."

मासेवाल्याशेजारी रमझी न्हावी मण्यांच्या पडद्याआड स्वतःच्याच खुर्चीत डुलक्या घेत होता. समुद्राच्या वाऱ्याने पडदा हलत होता. निहालने त्याच्याकडे बोट दाखवलं.

वगदीची लेन्स गुरगुरली. तिने मणी पकडले, मग मागचा आरसा, मग पुन्हा मणी. रमझी दर वेळी मधूनच निसटला.

निहालने बापाची लेन्स चढवली. फोकसच्या कडीवरचं रबर एका जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. तिचा अंगठा तिथे जाऊन बसला. तिने कडी सावकाश फिरवली. मणी धुकं होऊन गेले आणि धुक्यातून रमझीच्या पापण्या वर आल्या. तिने बटण दाबलं.

वगदीने चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. रमझीच्या मिशीतला एकेक पांढरा केस मोजून घ्यावा!

"नशीब," तो म्हणाला. "पुन्हा काढ."

तिने पुन्हा काढला. मग आणखी एक. तसाच, केसन् केस.

रमझी जागा झाला. "वगदी, माझं लग्नबिग्न ठरवतोयस की काय?" तो पडद्याआडून ओरडला.

वगदीने निहालच्या हातातून कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि कडी फिरवली.

"काहीच दिसत नाही."

"उलटी फिरवा, काका. तुमच्या कंपनीच्या नाही, बाबांच्या बाजूने."

त्याची बोटं घुटमळली, मग उलट्या दिशेने फिरू लागली आणि एका जागी थांबली. कॅमेरा त्याने डोळ्यावरून काढला नाही. खांदे तेवढे हसत होते.

"शाकिर, लेका," तो म्हणाला, "पायरी चढलास शेवटी. आणि चढलास तो मलाच हरवायला!"