पुदिना ठेचायचा नसतो

तिचा भाऊ आज ब्रंचला आला होता आणि तिचा नवरा त्याला हौसेने कॉकटेल शिकवत होता. जिन, संत्र्या-लिंबाचा रस आणि पुदिना.

"पुदिना ठेचायचा नसतो," ग्लासच्या तळाशी जाड लाकडी दांडा फिरवत तो म्हणाला. "नुसता दाबायचा. अर्क सगळा निघाला पाहिजे, पण पानाला चीर पडता कामा नये."

"मानलं भावजी, काय हात आहे तुमचा!" भाऊ खूश.

ती शेजारीच लिंबं कापत होती. सुरीवर जोर दिला की काल मार बसलेली बरगडी ठणकत होती. याच भावाला तिने दोनदा सगळं सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा त्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हटलं, "अगं, अंगावर एक तरी खूण दाखव, मग बघतो त्याच्याकडे."

खूण आणायची कुठून? नवरा मध्ये उशी धरून मारायचा.

सांडलेली पानं गोळा करायला नवऱ्याने ओट्यावर पंजा पसरला. तिने सुरी बाजूला ठेवली, दांडा उचलला आणि दोन्ही हातांनी, जीव खाऊन त्याच्या बोटांवर हाणला. एकदा. मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. पानं रक्तात भिजली आणि तो गुरासारखा ओरडत खाली बसला.

 

"खूण हवी होती ना तुला, दादा?" ती म्हणाली. "ही बघ."